बत्तीस किलोबाइटांतले वाङ्मय

संगणकीय खेळांना वाङ्मयेतिहासात स्थान द्यावे काय, हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकांत निघाला की बहुधा हसण्यावारी नेला जातो. 'लेव्हल नाइन' या छोट्या ब्रिटिश संस्थेपुरता तरी तो गांभीर्याने घ्यावा, असे आम्हांस वाटते.

पीट, माइक आणि निक या ऑस्टिन बंधूंनी १९८१मध्ये ही संस्था स्थापन केली. तिचे आरंभीचे खेळ निव्वळ शब्दांचे होते. पडद्यावर स्थळाचे वर्णन उमटे. खेळणारा 'उत्तरेला जा', 'दिवा घे' अशी आज्ञा टंकित करी आणि कथा पुढे सरके. क्राउदर आणि वुड्स यांचा 'अ‍ॅडव्हेंचर' हा मूळ खेळ मोठ्या संगणकांवरचा. ऑस्टिन बंधूंनी तो ३२ किलोबाइट स्मृतीच्या घरगुती यंत्रात, कॅसेटवरून चालेल असा बसवला. वर सत्तर नवी स्थळे घातली. वारंवार येणारे अक्षरगट ते एकेका संकेताने साठवीत. म्हणजे पुनरुक्ती स्वस्त, नवा शब्द महाग! लघुगुरू मोजणाऱ्या कवीला ही काटकसर परकी वाटू नये.

त्यांचे सारेच वाखाणण्याजोगे नव्हते. 'स्नोबॉल'मध्ये (१९८३) सात हजारांवर स्थळे असल्याची जाहिरात होती. त्यांतली बहुतेक म्हणजे अंतराळयानातल्या एकाच साच्याच्या जागा. पृष्ठसंख्येवरून कादंबरी तोलण्याचाच हा प्रकार.

मात्र याच खेळात आम्हांला खरे वाङ्मयीन मर्म दिसते. किम किंबर्ली हे नायकाचे नाव स्त्रीचे की पुरुषाचे, ते कळत नाही. ती स्त्री असल्याचे 'रिटर्न टू ईडन'मध्ये (१९८४) उघड होते. इंग्रजीतल्या द्वितीयपुरुषी निवेदनाला ही संदिग्धता फुकट मिळते. मराठीत 'तू दारात उभा आहेस' किंवा 'उभी आहेस' असे लिहिताच गुपित फुटते. वाचकप्रतिसादाचे सिद्धान्त आपण वर्गात उसन्या उदाहरणांनी शिकवतो. येथे तर वाचकाने शब्द टंकल्याखेरीज संहिता हलतच नाही.

चित्रमय खेळांपुढे शब्दांचा बाजार ओसरला आणि १९९१मध्ये संस्था बंद पडली. जुन्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या आज्ञावलींवर तिचे खेळ आजही चालतात. निवेदनशास्त्राच्या एखाद्या तासाला 'स्नोबॉल' पडद्यावर लावावा आणि त्याची पहिली पाच वाक्ये किमचे लिंग न फोडता मराठीत उतरवायला विद्यार्थ्यांना सांगावे. 'तुम्ही'चा आडोसा कोण आधी शोधतो, हे पाहण्याची आम्हांला उत्सुकता आहे.