दिवा विझला म्हणजे दुखणं गेलं?

परवाचीच गोष्ट. मुलाच्या डिझेल एसयूव्हीत पिवळा दिवा लागला, सोबत इंग्रजीत निरोप. गॅरेजातल्या पोराने यंत्र जोडलं, बटण दाबलं, दिवा गायब. "झालं गुरुजी, पाचशे द्या." बिघडलं काय होतं? "काही नाही, सेन्सर."

दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर!

प्रगतिपुस्तकातली लाल रेघ खोडून घरी दाखवणारी पोरं मी जन्मभर पाहिली. हे तेच, फक्त वर पैसे घेऊन.

शेवटी भिंग घेऊन गाडीची पुस्तिका वाचली (मुंगीएवढी अक्षरं, तीही इंग्रजीत). एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हापासून डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी गाळणी, डीपीएफ, असते. साचलेली काजळी जळायला धूर चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी सलग, जरा वेगात चालावी लागते. आमची गाडी जाते कुठे? घर ते बाजार, फार तर तुमसर रोड स्टेशन. गाळणी तुंबेल नाहीतर काय! भंडाऱ्याच्या रस्त्याला एका दमात नेली, दिवा आपणच विझला.

म्हणून प्रत्येक दिवा असा पळवून घालवता येतो असं मात्र समजू नका, मंडळी. ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी तिथेच थांबवून इंजिन बंद करायचं.

माझं भांडण खोडण्याशी आहे. यंत्रात बिघाडाचा कोड दिसतो. तो आधी कागदावर लिहून गाडीवाल्याला द्यायला काय जातं? त्या पोराला विचारलं. म्हणाला, "कोनी मांगतच नाही, गुरुजी."