कौल नसलेल्यांनी बदललेली घटना

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत लाल वेष्टनाची एक छोटी पुस्तिका सभासभांतून उंचावली जात होती. ‘घटना बदलली जाणार, आरक्षण जाणार’ असा कंठशोष गावोगाव करण्यात आला. निवडणूक संपली, तो कंठशोष मात्र संपलेला नाही. राज्यघटनेविषयी एवढा उमाळा दाटून यावा ही वस्तुतः आनंदाचीच गोष्ट आहे. प्रश्न इतकाच की, ती पुस्तिका उंचावणाऱ्यांनी कधी उघडून पाहिली आहे काय? पाहिली असती, तर पहिल्याच पानावर त्यांना त्यांच्याच पक्षाच्या हाताची खूण आढळली असती. उद्देशिकेत दिनांक आहे २६ नोव्हेंबर १९४९. परंतु तिच्यातील ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे दोन शब्द त्या दिवशी तेथे नव्हतेच. ते २७ वर्षांनंतर, १९७६ साली, आणीबाणीच्या काळोखात घालण्यात आले. खरेदीखतात मागाहून दोन शब्द घालावेत आणि तारीख मात्र जुनीच राहू द्यावी, असा हा प्रकार!

घटना बदलणे हे पाप नव्हे. घटनाकारांनीच अनुच्छेद ३६८ लिहून ठेवला. संसदेच्या प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांचा पाठिंबा हवा. संघराज्याच्या चौकटीला स्पर्श करणाऱ्या काही तरतुदींसाठी निम्म्या राज्यांची मान्यताही हवी. सप्टेंबर २०२३ पर्यंत अशा १०६ दुरुस्त्या झाल्या. तेव्हा ‘घटना बदलली काय?’ हा प्रश्नच फोल आहे. ती कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणाच्या हितासाठी बदलली, हा खरा प्रश्न. स्वातंत्र्योत्तर इतिहासाला हा प्रश्न विचारला की, एक विलक्षण योगायोग समोर येतो. नागरिकाच्या हक्कांवर घाव घालणाऱ्या दोन मोठ्या दुरुस्त्या ज्या सभागृहांनी केल्या, त्यांपैकी एकाला प्रौढ मताधिकाराने जनतेचा कौल मिळालेलाच नव्हता आणि दुसऱ्याचा कौल संपून गेला होता.

सोळा महिन्यांतच पहिला घाव

घटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. त्याच सुमारास दोन साप्ताहिके सरकारच्या डोळ्यांत सलत होती. दिल्लीतील ‘ऑर्गनायझर’वर पूर्वतपासणीचा हुकूम बजावण्यात आला, तर डाव्या विचारांच्या ‘क्रॉसरोड्स’ला मद्रास प्रांतात प्रवेशबंदी झाली. विचारांनी दोन टोकांची ही पत्रे एकाच न्यायालयाच्या दारी गेली आणि २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही हुकूम रद्दबातल ठरविले. नवजात प्रजासत्ताकाने अभिमान बाळगावा असा तो दिवस होता. पंडित नेहरूंच्या सरकारला मात्र त्यात अडचण दिसली. मे १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती संसदेपुढे आली. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध’ ही भाषणस्वातंत्र्यावरील बंधनांची नवी कारणे अनुच्छेद १९ मध्ये आली. नववी अनुसूची निर्माण झाली आणि तिच्यात १३ कायदे न्यायालयाच्या हाताबाहेर नेऊन ठेवण्यात आले.

त्या वेळची संसद हंगामी होती. संविधान सभेचेच ते रूपांतर. तिचे सदस्य प्रांतिक विधिमंडळांमार्फत आलेले. प्रौढ मताधिकाराची पहिली निवडणूक अवघ्या काही महिन्यांवर, ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू व्हायची होती. तेवढाही धीर धरवला नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी या दुरुस्तीला सभागृहात कडाडून विरोध केला. तो बहुमतापुढे टिकला नाही.

या दुरुस्तीचे समर्थन कायदामंत्री या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही केले होते, हे लपविण्याचे कारण नाही. जमीनदारी निर्मूलनाचा आणि मागासवर्गीयांसाठी विशेष तरतुदीचा मार्ग तिने मोकळा केला, हेही खरे. भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंध ‘वाजवी’ असावेत, हा शब्दही तिच्यातच आला. परंतु शेतकऱ्याला जमीन देण्यासाठी संपादकाच्या लेखणीला वेसण घालण्याची आवश्यकता काय होती? आणि जी अनुसूची जमीनसुधारणांपुरती म्हणून आली, ती फुगत फुगत २८४ कायद्यांपर्यंत कशी पोहोचली? सत्तेला एकदा पळवाट सापडली की, तिचा राजमार्ग व्हायला वेळ लागत नाही.

मठाधिपतींनी लढविलेला खटला

हा राजमार्ग अडविला तो केरळातील कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे अधिपती केशवानंद भारती यांच्या खटल्याने. मठाच्या जमिनीवरून निघालेला वाद संसदेच्या अधिकाराच्या मर्यादेपर्यंत जाऊन पोहोचला. नानी पालखीवाला यांनी मठाधिपतींची बाजू मांडली. १३ न्यायाधीशांपुढे ६८ दिवस सुनावणी चालली आणि २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने निर्णय झाला : संसद घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करू शकते, परंतु घटनेची मूलभूत संरचना मोडू शकत नाही. घराला नवी खिडकी पाडता येईल, भिंत सरकवता येईल. पाया उखडता येणार नाही.

सरकारचे उत्तर दुसऱ्याच दिवशी मिळाले. न्या. शेलाट, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीशपद न्या. अजितनाथ राय यांना देण्यात आले. डावललेले तिघेही बहुमताच्या बाजूचे होते. ‘घटना वाचवा’ म्हणून आज गळा काढणाऱ्यांच्या पूर्वसुरींनी न्यायसंस्थेशी असा व्यवहार केला होता.

चार दिवसांची दुरुस्ती

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधी यांची रायबरेलीतील निवड अवैध ठरविली. २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली. सर्वोच्च न्यायालयात अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला होती. मग चक्रे किती वेगाने फिरावीत? ७ ऑगस्टला ३९ वी घटनादुरुस्ती लोकसभेत मांडून त्याच दिवशी संमत झाली; ८ ला राज्यसभेत, ९ ला राज्यांच्या विधानसभांत आणि १० ला राष्ट्रपतींची स्वाक्षरी. पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असे कलम घटनेत दाखल झाले. ज्या घटनेसाठी संविधान सभा २ वर्षे ११ महिने खपली, ती एका व्यक्तीच्या खुर्चीसाठी चार दिवसांत वाकविण्यात आली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निवड कायम ठेवली खरी. पण हे कलम मात्र मूलभूत संरचनेच्याच आधारे रद्द केले. मठाधिपतींच्या खटल्याने दिलेली ढाल अशी पहिल्यांदा कामी आली.

मुदत संपलेले सभागृह

कळस चढविला तो ४२ व्या दुरुस्तीने. १९७१ च्या मार्चमध्ये निवडून आलेल्या लोकसभेची पाच वर्षे मार्च १९७६ मध्ये संपली होती. आणीबाणीचा आधार घेऊन तिने स्वतःची मुदत वाढवून घेतली आणि या उसन्या आयुष्यात, नोव्हेंबर १९७६ मध्ये, ५९ कलमांची दुरुस्ती संमत केली. विरोधी बाकांवर बसणारे अनेक जण तुरुंगात होते. अडवाणी, मधु दंडवते यांना जून १९७५ मध्येच बंगळूरला अटक झाली होती. संघावर बंदी होती आणि येरवडा, नाशिकचे तुरुंग सत्याग्रहींनी भरले होते. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी होती. अशा वेळी उद्देशिका बदलण्यात आली; लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षे करण्यात आली; घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही आणि संसदेच्या अधिकारावर कोणतीही मर्यादा नाही, असे लिहून टाकण्यात आले.

‘समाजवादी’ हा शब्द घटनाकारांना सुचला नव्हता काय? १५ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शहा यांनी ‘धर्मनिरपेक्ष, संघराज्यीय, समाजवादी’ हे शब्द पहिल्याच अनुच्छेदात घालण्याची सूचना मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे त्या त्या काळच्या जनतेने ठरवायचे असते, पुढच्या पिढ्यांचे हात घटनेने बांधू नयेत, असा त्यांचा आशय होता. उठता-बसता बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्यांनी त्यांचा हा विचार १९७६ साली खुंटीला टांगला.

दुरुस्तीची दुरुस्ती

मार्च १९७७ मध्ये जनतेला अखेर बोलण्याची संधी मिळाली. ज्या रायबरेलीच्या निकालासाठी घटना वाकविली गेली, त्याच रायबरेलीने राजनारायण यांना निवडून दिले. पुढे जनता सरकारच्या ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीसाठी ‘अंतर्गत अशांतता’ हे मोघम कारण काढून ‘सशस्त्र बंड’ ही कठोर अट घातली, जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही असे ठरविले आणि लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांवर आणली. सत्ताधाऱ्याने स्वतःचेच हात बांधून घेणारी दुरुस्ती जगात विरळाच.

त्या विधेयकात आणखी दोन गोष्टी होत्या. ‘धर्मनिरपेक्ष’ म्हणजे सर्व धर्मांविषयी समान आदर, अशी व्याख्या घटनेतच करावी आणि घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांत बदल करायचा तर जनतेचे सार्वमत घ्यावे. राज्यसभेत काँग्रेसचे बहुमत होते. तेथे ही कलमे फेटाळली गेली. म्हणजे शब्द घातला त्यांनीच, त्याचा अर्थ सांगू दिला नाही त्यांनीच आणि जनतेला विचारण्याची वाटही अडविली त्यांनीच! ४२ व्या दुरुस्तीतील अमर्याद अधिकाराची कलमे पुढे ३१ जुलै १९८० रोजी मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

कसोटी सर्वांना एकच

उद्देशिकेतील त्या दोन शब्दांविरुद्धच्या याचिका २५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्या. तो निर्णय मानला पाहिजे. न्यायाधीश नियुक्तीसंबंधीची ९९ वी दुरुस्ती २०१५ मध्ये न्यायालयाने रद्द केली, तेव्हा ती करणाऱ्या सरकारने न्यायाधीशांना डावलले नाही की चार दिवसांत नवे कलम आणले नाही. पटत नसलेला निकालही मानणे, ही घटनानिष्ठेची खरी खूण.

हीच कसोटी उद्या राष्ट्रीय विचारांच्या सरकारांनाही लागेल आणि ती लागलीच पाहिजे. २०२४ मध्ये सत्ताधारी बाजूच्याही काही वाचाळांनी चारशे जागांचा संबंध घटनाबदलाशी जोडला आणि विरोधकांच्या हाती आयते कोलीत दिले. आणीबाणी भोगलेल्या परंपरेला हे शोभणारे नव्हते. दुरुस्ती कोणाचीही असो, तीन प्रश्न विचारावेत : ती करणाऱ्या सभागृहाला जनतेचा कौल आहे काय? विरोधकाला मोकळेपणी बोलता येते काय? आणि तिने शासकाचा अधिकार वाढतो की नागरिकाचा?

घटना कितीही चांगली असली तरी ती राबविणारे वाईट निघाले तर तीही वाईटच ठरेल, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिला होता. सभेत उंचावलेल्या पुस्तिकेने तो इशारा टळत नाही. ती घरात आणावी लागते, मुलाबाळांसह वाचावी लागते. १९७५ साली ज्यांनी तुरुंग पत्करला, त्यांच्यापैकी अनेक आज हयात नाहीत. त्यांच्या घरांतून तरी उद्देशिका वाचताना तिच्यातला कोणता शब्द १९४९ चा आणि कोणता १९७६ चा, हे मुलांना ठाऊक असले पाहिजे.