चाकांतील हवा आणि फलकावरचा दिवा

घरांत जें यंत्र येतें तें आपल्याबरोबर आपली एक भाषाहि घेऊन येतें. कुकरच्या शिट्टीवरून डाळ कोठवर आली हें गृहिणीस कळतें. पाण्याच्या पंपाचा सूर बदलला कीं टाकी भरत आली हें घरांतील मुलासहि उमगतें. परंतु मोटारीच्या फलकावर उमटणाऱ्या चिन्हांची भाषा मात्र पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत अद्यापि अपरिचितच राहिली आहे. अलीकडच्या अनेक मोटारींत घोड्याच्या नालासारखी एक पिवळी आकृति व तिच्या पोटांत उद्गारचिन्ह असा एक दिवा असतो. हा दिवा वरचेवर पेटतो, हवा भरली कीं विझतो आणि चार दिवसांनीं पुन्हा हजर होतो, याचें करावें तरी काय, हा प्रश्न सध्यां अनेक घरांतून ऐकूं येतो. म्हणून या वेळीं त्या दिव्याचाच विचार वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चाकांतील हवेचा दाब चालकास बसल्या जागीं कळावा ही कल्पना नवी नव्हे. इ. स. १९८६ मध्यें पोर्शे ९५९ या जर्मन मोटारींत अशी योजना प्रथम आली. पण तेव्हां ती धनिकांची चैन होती. तिला कायद्याचें पाठबळ मिळालें तें एका मोठ्या अनर्थानंतर. अमेरिकेंत फोर्ड एक्सप्लोरर या गाड्यांवरील फायरस्टोन टायर वेगांत असतांना फाटूं लागले, गाड्या उलटल्या, आणि दोनशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. इ. स. २००० च्या ऑगस्टमध्यें सुमारें ६५ लाख टायर परत मागविण्यांत आले. त्याच वर्षीं तेथील विधिमंडळानें कायदा केला, आणि सप्टेंबर २००७ पासून तेथें विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या हलक्या गाडींत ही सूचना देणारी योजना सक्तीची झाली. ठरविलेल्या दाबापेक्षां २५ टक्के दाब कमी झाला कीं दिवा पेटलाच पाहिजे, असा तो नियम आहे. युरोपीय संघांत नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींस ही सक्ति लागू झाली. आपल्या देशांत जुलै २०२० च्या नियमानें एक सवलत मिळाली: ज्या मोटारींत ही योजना, ट्यूबलेस टायर व पंक्चर दुरुस्तीचें साहित्य आहे, तिच्यांत स्टेपनी नसली तरी चालेल. सवलत सोयीची खरी. परंतु जिच्या डिकींत स्टेपनीच नाहीं, त्या गाडीच्या मालकानें या दिव्याकडे दुर्लक्ष करणें किती महाग पडेल, हें निराळें सांगावयास नको.

आतां या योजनेचे दोन प्रकार आहेत, आणि आपल्या गाडींत कोणता आहे हें ठाऊक असल्याशिवाय निदान होणें कठीण. पहिल्या प्रकारांत प्रत्येक चाकाच्या आंत, बहुधा व्हॉल्व्हला जोडलेला, एक छोटा सेन्सर असतो. तो दाब मोजतो व बिनतारी लहरींनीं गाडीस कळवितो. दुसऱ्या प्रकारांत चाकांत कांहींच नसतें. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेस प्रत्येक चाकाची गति मोजावीच लागते; हवा कमी झालेलें चाक किंचित् लहान होतें, म्हणून इतरांपेक्षां जरा जलद फिरतें; त्या फरकावरून संगणक अनुमान काढतो. पहिला प्रकार प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदारासारखा, तर दुसरा ऐकीव माहितीवर तर्क करणाऱ्यासारखा. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत याचा खुलासा असतो. ती पुस्तिका कपाटांत न ठेवतां एकवार वाचावी, ही आमची पहिली सूचना.

दिवा पेटला कीं प्रथम तो कसा पेटला हें पाहावें. गाडी सुरू केल्यावर तो स्थिर जळत राहिला तर एखाद्या चाकांत हवा कमी आहे असें समजावें. पण प्रथम मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ असा कीं, बिघाड हवेंत नसून सूचना देणाऱ्या यंत्रणेंतच आहे. ज्वर रुग्णास आहे कीं दोष तापमापकांत आहे, हें ठरविण्यापूर्वीं औषध आणावयास कोणी धांवत नाहीं. तोच न्याय येथेंहि लागू करावा.

स्थिर दिव्यांतहि अगदीं सामान्य तक्रार अशी कीं, तो थंडीच्या दिवसांत सकाळीं पेटतो आणि गाडी थोडी चालली कीं आपोआप विझतो. येथें सेन्सर खोटें बोलत आहे असें समजण्याचा मोह होतो. वस्तुतः तो अक्षरशः खरें सांगत असतो. हवा थंड झाली कीं तिचा दाब उतरतो. सुमारें साडेपांच अंश सेल्सिअसमागें एक पौंड, हें ठोकळ प्रमाण. (आपल्याकडे पंपावर ज्यास नुसते पौंड म्हणतात, ते दर चौरस इंचावरील पौंड.) पुण्यांत डिसेंबरमध्यें दुपारीं ३० अंश आणि पहाटे १० अंश असा फरक पडतो. दुपारीं ३२ पौंड असलेली हवा पहाटे २९ पौंड भरते. शिवाय उत्तम टायरांतूनहि महिन्याकांठीं सुमारें एक पौंड हवा रबरांतून झिरपून जातेच. समजा, जूनमध्यें ३३ पौंड हवा भरली आणि पुढें सहा महिने कोणी पाहिलें नाहीं. डिसेंबरांत ती दुपारीं २७ वर आलेली असते, आणि पहाटे २४ वर. दिवा पेटण्याची मर्यादा पावणेपंचवीसच्या आसपास. म्हणून पहाटे दिवा पेटतो. रस्त्यावर चाकें तापलीं कीं दाब मर्यादेच्या वर चढतो व दिवा विझतो. पण विझला म्हणून हवा पुरेशी झाली असें नव्हे. ती दिवसभर कमीच असते. दिवा फक्त पहाटे सांगतो, एवढेंच.

यावरील उपाय अत्यंत सोपा व स्वस्त आहे. हवा मोजण्याचें एक चांगलें गेज घरीं ठेवावें. पंपावरील मापांत एकमेकांशीं मेळ नसतो. आपलें एकच माप असलें म्हणजे निदान तुलना तरी खरी होते. गाडी तीन तास उभी असेल, अथवा मैलाहून कमी चालली असेल, तेव्हांच मोजावें. तापलेल्या चाकाचें माप कांहीं पौंड अधिक येतें. किती हवा हवी हें चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेलें असतें. टायरच्या अंगावरील आंकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा होय. ती आपल्या गाडीसाठीं केलेली शिफारस नव्हे. हें मोजमाप घरांतील कोणीहि दोन मिनिटांत करूं शकतें. ज्या भगिनी स्वतः गाडी चालवितात त्यांनीं हें काम दुसऱ्या कोणावर सोंपवूं नये, असें आम्हांस आग्रहानें सांगावेंसें वाटतें.

पंपावर नायट्रोजन भरण्याचा आग्रह होतो, त्याविषयींहि दोन शब्द. साध्या हवेंतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन जरा सावकाश झिरपतो हें खरें. पण थंडीनें तोहि हवेइतकाच आकसतो. म्हणून त्यानें पहाटेचा दिवा टळत नाहीं. नायट्रोजनवर साधी हवा भरल्यास अपाय होतो ही समजूतहि निराधार आहे. टायर कमी हवेवर चालविण्यापेक्षां जी मिळेल ती हवा भरावी.

चारहि चाकें सारखींच उतरलीं असतील तर कारण ऋतु व हयगय. परंतु एकच चाक दर आठवड्यास तीन-चार पौंड उतरत असेल तर तेथें गळती आहे, हें निश्चित. गळतीचीं ठिकाणें मोजकींच: टायरमध्यें रुतलेला खिळा किंवा स्क्रू, व्हॉल्व्हच्या आंतील पिन, व्हॉल्व्हच्या बुडाचें रबर, आणि टायरची कड जेथें रिमवर बसते ती जागा. खड्ड्यांत आपटून रिम वांकडी झाली, अथवा खाऱ्या हवेनें तिला गंज धरला, कीं कडेनें हवा निसटते. कोंकणांतील वाचकांस याचा अनुभव अधिक. हवा थोडी वाढवून या सर्व जागीं साबणाचें पाणी सोडावें. जेथें बुडबुडे येतील तेथें दोष. नुसती हवा भरीत राहणें म्हणजे गळक्या माठांत पाणी ओतीत राहण्यासारखें आहे.

दाब सर्वत्र बरोबर असून दिवा जात नसेल, तर यंत्रणेकडे वळावें. तर्क करणाऱ्या प्रकारांत हवा भरल्यावर किंवा टायर बदलल्यावर गाडीस नवें मूळ माप शिकवावें लागतें. त्यासाठीं एक कळ अथवा पडद्यावरील आज्ञा असते. ती विसरल्यामुळें दिवा राहिला अशीं उदाहरणें पुष्कळ. मात्र चाकें बरोबर भरल्याखेरीज ती कळ दाबूं नये. नाहीं तर कमी दाबच योग्य म्हणून नोंदला जातो. चारहि चाकें एकदम सारखीं उतरलीं तर या प्रकारास तें उमजणें अवघड, हेंहि लक्षांत असावें. सेन्सरच्या प्रकारांत पुढील चाकें मागें घातलीं तर कांहीं गाड्यांत त्यांची नोंद पुन्हा करावी लागते. सेन्सर नसलेली स्टेपनी लावली तर दिवा लुकलुकणारच. सेन्सरची बॅटरी आंत बंदिस्त असून ती पांच ते दहा वर्षें टिकते. ती संपली कीं सहसा सेन्सरच बदलावा लागतो. आठ-नऊ वर्षांच्या गाडींत एक गेला तर उरलेले तिघेहि त्याच वयाचे असतात. तेव्हां चारहि बदलण्याचा कारागिराचा सल्ला लबाडीचाच असतो असें नाहीं. परंतु तीन वर्षांच्या गाडीस तोच सल्ला मिळाल्यास, कोणता सेन्सर बोलत नाहीं हें तपासणीच्या यंत्रावर दाखवा, असें नम्रपणें पण स्पष्टपणें म्हणावें. पंक्चर बुजविण्याचें द्रव भरल्यानें सेन्सरचें छिद्र तुंबूं शकतें, आणि धातूच्या व्हॉल्व्हवर पितळी टोपण गंजून चिकटतें, याहि बारीकसारीक गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

इतका विस्तार आम्हीं केला तो केवळ खर्च वांचावा म्हणून नव्हे. आमच्या परिचयाच्या पुण्यांतील एका कुटुंबांत हा दिवा सबंध हिंवाळाभर सकाळीं पेटे आणि दुपारीं विझे. एका कारागिरानें "सेन्सरच तसा आहे, लक्ष देऊं नका" असें सांगितलें, आणि सर्वांनीं तें मनापासून मानलें. फाल्गुनांत आजी-आजोबा व नातवंडें घेऊन मंडळी नागपूरकडे निघाली. शिर्डीजवळ त्यांनीं समृद्धि महामार्ग गांठला. दिवा त्या दिवशीं दुपारींहि जळत होता. पण ज्याकडे पाहावयाचें नाहीं असें ठरलें होतें, त्याच्याकडे पाहिलें कोणी? चहासाठीं थांबले असतां आजींनाच जळक्या रबराचा वास आला. मागील डाव्या चाकांत स्क्रू रुतला होता, आणि टायरची बाजू आंतून झिजून भुगा झाली होती. हवा कमी असली कीं टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यास अधिक वांकते, वांकण्यानें तापते, आणि तापून तिचे थर सुटतात. मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरांचा रस्ता इ. स. २०२५ मध्यें पूर्ण खुला झाला. तेथें मोटारींस ताशीं १२० किलोमीटरांची मुभा आहे. त्या वेगांत तो टायर आणखी किती टिकला असता, याचा विचारहि करवत नाहीं.

लांडगा आल्याची खोटी हांक देणाऱ्या मुलाची गोष्ट आपण सर्वांनीं बाळपणीं ऐकली आहे. येथें मात्र हांक देणारा एकदांहि खोटें बोलला नव्हता. हिंवाळ्यांतील प्रत्येक सकाळीं त्यानें खरेंच सांगितलें होतें. ऐकणाऱ्यांनींच त्यास खोटा ठरविलें. क्षुल्लक वाटणारी सूचना वेळींच निस्तरली नाहीं, कीं तिच्याबरोबर गंभीर सूचनेचाहि आवाज बुडतो, आणि मग दोहोंतील भेद ओळखण्याचें साधनच हातीं राहत नाहीं.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच: दर महिन्यास एकदां, आणि प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वीं, स्टेपनी असल्यास तिच्यासह सर्व चाकें थंड असतांना मोजावींत व आंकडे एका वहींत टिपून ठेवावे. दोन-तीन महिन्यांतच कोणतें चाक प्रामाणिक आणि कोणतें चोर, हें ती वही सांगूं लागेल. मग दिवा पेटेल तो विरळा. आणि ज्या दिवशीं पेटेल त्या दिवशीं घरांतील प्रत्येकजण त्याच्याकडे वळून पाहील.