तक्रारीआधी तजवीज

“यंदा बी उगवलेच नाही,” ही तक्रार खरिपाच्या आरंभी गावोगावी कानी येते. सन २०२० च्या खरिपात महाराष्ट्रातील सोयाबीन पिकविणाऱ्या भागांतून ती मोठ्या प्रमाणावर झाली व अनेक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली. त्याआधी ऑक्टोबर २०१९ मध्ये ऐन काढणीच्या वेळी पाऊस होऊन उभे पीक भिजले होते. अशा पिकाच्या बियाण्याची उगवणशक्ती घटते, हे जाणत्या शेतकऱ्यास ठाऊक असते. दुबार पेरणीत बियाण्याचा व मजुरीचा खर्च पुन्हा करावा लागतो. वाया गेलेले दिवस तर कोणत्याही भरपाईने परत येत नाहीत.

अशा प्रसंगी चावडीवर कोणी विक्रेत्यास दोष देतो, कोणी शासनास, तर कोणी दैवास. यांत काही तथ्य असेलही. परंतु दोष ठरविल्याने तासांत अंकुर दिसत नाहीत. विधायक दृष्टीचा मनुष्य प्रथम अडचणीची वाटणी करतो. तिचा कोणता भाग स्वतःच्या हाती आहे, कोणता गावाने मिळून सोडविण्याजोगा आहे आणि कोणता शासनाकडे मागण्याजोगा आहे, हे तो पाहतो.

उगवणशक्तीची परीक्षा हा स्वतःच्या हातचा भाग होय. पेरणीपूर्वी बियाण्यातून निवड न करता १०० दाणे मोजून घ्यावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडून वर दुसरे ओले गोणपाट घालावे व त्याची गुंडाळी करून सावलीत ओलसर ठेवावी. सहा-सात दिवसांनी निरोगी कोंब मोजावेत. ७० वा त्याहून अधिक आले, तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. ६० च आले, तर ते ३५ किलो घ्यावे. त्याहून फारच कमी आले, तर ते बियाणे पेरणीस वापरू नये. तसेच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणीची घाई करू नये व बी तीन-चार सेंटिमीटरांहून खोल टाकू नये.

दुसरा भाग गावाचा. सोयाबीनमध्ये स्वपरागीभवन होत असल्याने सरळ वाणाचे घरचे बियाणे तीन वर्षांपर्यंत वापरता येते. गावात ज्याचे बियाणे परीक्षेत उतरले, त्याजकडून गरजूंनी ते वेळीच घ्यावे. मात्र या बियाण्याचे टरफल पातळ असते. पोती आदळल्यास वा त्यांची उंच थप्पी लावल्यास उत्तम बियाणेही निकामी होते.

येथे कोणी विचारील, दाम मोजून आणलेल्या बियाण्याची परीक्षा शेतकऱ्याने का करावी? प्रश्न रास्त आहे. पिशवीवर छापलेली उगवणशक्ती खरी असणे ही बियाणे पुरविणाऱ्याची जबाबदारी आहे आणि शेतकऱ्याच्या परीक्षेने ती माफ होत नाही. उलट, पेरणीआधीच दोष कळल्यास हंगाम तरी हातचा जात नाही. तक्रारीस बळ यावे म्हणून पिशवी खालच्या बाजूने फोडून तिच्यावरील खूणचिठ्ठी शाबूत ठेवावी. पावती व मूठभर बियाणेही जपून ठेवावे. असा पुरावा हाती असला, म्हणजे तालुका पातळीवरील बियाणे तक्रार निवारण समितीपुढे शेतकऱ्याचे म्हणणे केवळ गाऱ्हाणे राहत नाही. हा तिसरा भाग शासनाचा आहे व तो निर्धाराने मागितला पाहिजे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे खरे काम येथेच आहे. जूनमध्ये तक्रारअर्ज गोळा करण्यापेक्षा मे महिन्यात देवळाच्या ओसरीवर चार जणांच्या बियाण्याची परीक्षा सर्वांसमक्ष करून दाखविणे अधिक मोलाचे. भाषणाने जे पटत नाही, ते मोजलेल्या कोंबांनी पटते. बांधाचा तंटा असो, पाण्याची पाळी असो की मोकाट गुरांचा उपद्रव असो, हीच रीत तेथेही लागू पडते. आधी मोजणी करावी, मग कामाची वाटणी, आणि आपल्या वाट्याचे काम त्याच दिवशी हाती घ्यावे. बियाण्यापुरते पाहता, या कामास गोणपाटाचे दोन तुकडे, तांब्याभर पाणी आणि एक आठवडा पुरेसा आहे.