कागदांची खतावणी

धर्मादाय रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाचा बराचसा दिवस कागद भरण्यात जातो. महाराष्ट्रात अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. देयकांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, घरची परिस्थिती, मंजूर रक्कम हे सारे समाजसेवक लिहून ठेवतो. वर्षअखेरीस निधीचा हिशेब तपासला जातो; त्या कागदांतील माणसांचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही.

रोजमेळ लिहून खतावणी न करणारा व्यापारी विरळाच. अमेरिकेतील समाजकार्याचे प्राध्यापक आयर्विन एपस्टाइन यांनी रुग्णालयांतील समाजसेवकांकडून जणू अशी खतावणीच करून घेतली. संशोधन म्हटले की कार्यकर्ते बिचकतात. रुग्णांचे दोन गट पाडून एकाला सेवा नाकारणे त्यांच्या मनाला पटत नाही, आणि ते न पटणे योग्यच आहे. एपस्टाइन यांनी कपाटातील जुनी प्रकरणेच उघडायला लावली. प्रश्न कार्यकर्त्याचा, नोंदीही त्याच्याच. मार्गदर्शकाने तक्ता आखायला व वाचायला मदत करावयाची. या पद्धतीवरील त्यांचा ग्रंथ 2010 साली प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे असा प्रश्न कोणता असेल? निधीतून शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी किती जण पुढील तपासणीस परतले? न परतणारे दूरच्या तालुक्यातले होते, की घरात कमावते तेच एकटे होते? शंभरेक प्रकरणांतून गाव, सोबतचा नातेवाईक व पुन्हा आल्याची तारीख एवढे काढले तरी उत्तराची दिशा दिसू लागते. अर्थात या नोंदी संशोधनासाठी लिहिलेल्या नसतात. रकाने रिकामे सापडतात, आणि रिकामा रकाना म्हणजे ‘नाही’ असे धरणे ही मोठी चूक ठरते. नाव-पत्ता वगळून क्रमांक द्यावा, रुग्णालयाच्या नीतिसमितीची संमती घ्यावी, हे ओघाने आलेच.

विश्वस्तांनी द्यावयाचे ते थोडकेच: आठवड्यातील अर्धा दिवस आणि आकडेमोड जाणणारा एक सहायक. अवघड आहे ते पुढचे. मदत मिळूनही माणसे उपचार अर्धवट सोडतात, कारण बसभाडे व बुडालेली मजुरी कोणी मोजलीच नव्हती, असेही तक्त्यातून निघू शकते. तो कागद वार्षिक अहवालातून गाळला जाणार नाही, हे समाजसेवकाला आधीच सांगितलेले असावे. अन्यथा पुढच्या वर्षी तो प्रश्नच विचारणार नाही.