कुलूप लावलेलं दार

२५ मार्च १९११. न्यूयॉर्कमधल्या ट्रायँगल कपडा कारखान्याला आग लागली, आणि जिन्याच्या एका दाराला कुलूप होतं. नवव्या मजल्यावरून मुली उड्या टाकत होत्या. जवळच चहाला आलेल्या फ्रान्सिस पर्किन्स आरडाओरडा ऐकून धावल्या. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. १४६ जीव गेले.

१९३३मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पर्किन्स यांना मजूरमंत्री केलं. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली ही पहिली स्त्री. पण एवढ्यावरच त्यांची ओळख संपवणं मला अन्यायाचं वाटतं. पद घेण्याआधीच त्यांनी कामांची यादी पुढे ठेवली होती : किमान वेतन, बालमजुरीला बंदी, म्हातारपणी पेन्शन. १२ वर्षांत यादीतलं बहुतेक कायद्यात उतरलं. सर्वांसाठी आरोग्यविमा तेवढा राहून गेला.