लढाईचे जुने नकाशे विज्ञानाच्या तासाला आणा



लढाईचा नकाशा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? एक वळणे घेत जाणारी नदी, दोन-चार चौकोन आणि दोन रंगांचे बाण. बाण केवढ्या अंतराचा, हे कोणी विचारत नाही, कारण अशा नकाशाला बहुधा प्रमाणच दिलेले नसते. परीक्षेत त्याचे गुण मिळतात आणि दुसऱ्या दिवशी नकाशा विसरला जातो.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. इतिहास हा माझा विषय नव्हे. तरीही माझे असे स्पष्ट मत आहे, की अठराव्या शतकात काढलेले लढायांचे आणि वेढ्यांचे मूळ नकाशे शाळेत, आणि तेही विज्ञानाच्या तासाला, आणले पाहिजेत. ते नुसती चित्रे नाहीत, मोजणीचे अहवाल आहेत. प्रयोगवहीला आपण जे प्रश्न विचारतो, तेच त्यांनाही विचारता येतात.

एक उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७८१ साली यॉर्कटाउन येथे ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस वेढ्यात सापडला. पाठीशी यॉर्क नदी, समुद्राची वाट फ्रेंच आरमाराने रोखलेली, आणि जमिनीच्या बाजूने वॉशिंग्टनचे अमेरिकन व रोशाँबोचे फ्रेंच सैन्य. १९ ऑक्टोबरला कॉर्नवॉलिसच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. त्यानंतर २२ ते २८ ऑक्टोबर या दिवसांत सेबॅस्टियन बाउमन या अमेरिकन तोफखान्यातील मेजरने त्या जागेची मोजणी केली. त्याचा नकाशा १७८२ साली फिलाडेल्फियात छापला गेला.

या नकाशावर खंदकांच्या दोन रांगा शोधा. पहिली ६ ऑक्टोबरच्या रात्री खणायला घेतली, ब्रिटिशांच्या तटबंदीपासून सुमारे ६०० वारांवर. दुसरी ११ ऑक्टोबरच्या रात्री, सुमारे निम्म्या अंतरावर. एवढा जीव धोक्यात घालून पुढे का सरकायचे? याचे उत्तर गणितात आहे. त्या काळच्या तोफांची नळी आतून गुळगुळीत असे. त्यामुळे एकाच रोखाने सोडलेले गोळेही थोडे इकडेतिकडे पांगत. हे पांगणे कोनाने ठरते. अंतर निम्मे केले की पांगण्याची रुंदी निम्मी होते, उंचीही निम्मी होते, आणि तेवढेच गोळे चौथ्या हिश्शाच्या जागेत आदळतात. शिवाय हवेच्या विरोधाने गोळ्याचा वेग घटतो, तोही कमी घटतो. नकाशावरच्या त्या दोन रेघांमध्ये एवढे भौतिकशास्त्र दडलेले आहे.

आता भूमितीकडे वळू. एका समांतर खंदकातून पुढे सरकताना दुसरा खंदक सरळ किल्ल्याच्या दिशेने खणत नसत. तो तिरपा, करवतीच्या दात्यांसारखा वळवत नेत. वेढ्याच्या एखाद्या चांगल्या नकाशावर अशा खंदकाच्या एका तुकड्यावर पट्टी ठेवा आणि ती रेघ पुढे वाढवा. ती किल्ल्याच्या बाहेरून जाईल. ती तटावर पडली असती, तर तेथील तोफेचा गोळा खंदकातून लांबीच्या दिशेने टप्पे खात गेला असता आणि आतल्या माणसांची रांगच्या रांग कापली गेली असती. समांतर खंदकांची ही पद्धत फ्रेंच अभियंता व्होबाँ याने १६७३ साली मास्ट्रिख्टच्या वेढ्यात वापरली आणि पुढे शंभरावर वर्षे ती चालली.

पण मित्रांनो, नकाशा देखणा आहे म्हणून तो खरा, असे मानू नका. प्रयोगशाळेत पाच दशांश स्थळांपर्यंत उत्तर लिहून आणणाऱ्या विद्यार्थ्याला मी विचारतो, "तुझी पट्टी तरी एवढे मोजते का?" तोच प्रश्न येथेही विचारा. बाउमनने मोजणी केली ती लढाई संपल्यावर. खंदक आणि तट जमिनीवर होते, ते मोजता आले. परंतु गोळीबाराच्या वेळी कोणती पलटण नेमकी कोठे होती, हे जमीन सांगत नाही. त्यासाठी आठवणीवर आणि कागदपत्रांवर भिस्त ठेवावी लागते. एकाच कागदावर, एकाच शाईने या दोन्ही गोष्टी येतात. त्या वेगळ्या करणे, हे वाचकाचे काम.

साधनांचेही तसेच. विल्यम रॉय या अभियंत्याने १७४७ ते १७५५ या काळात स्कॉटलंडची लष्करी मोजणी केली, ती होकायंत्र आणि साखळी वापरून. होकायंत्राची सुई नेमकी उत्तरेकडे रोखलेली नसते आणि तिचा हा फरक काळानुसार बदलत जातो. लंडनमध्ये १५८० साली तो सुमारे ११ अंश पूर्वेकडे होता, तर १८२० च्या सुमारास सुमारे २४ अंश पश्चिमेकडे. दिशेत एका अंशाची चूक झाली, तर एक किलोमीटरवर सुमारे साडेसतरा मीटरचा फरक पडतो. आपला हा नकाशा काटेकोर नसून एक लष्करी रेखाटन आहे, हे रॉयने पुढे स्वतःच मान्य केले. मला या माणसाचा हाच गुण मोठा वाटतो.

कोणी म्हणेल, मुलांना युद्धाचे नकाशे कशाला दाखवायचे? ही शंका रास्त आहे. पण माझा आग्रह नेमका याचसाठी आहे. बाउमनच्या नकाशावर ब्रिटिशांनी शस्त्रे ठेवली ते शेत नाव देऊन दाखवले आहे. गुलामगिरीतून सुटण्याच्या आशेने ब्रिटिशांच्या आश्रयाला आलेले अनेक कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष याच यॉर्कटाउनात देवीच्या साथीने मेले. अन्न अपुरे पडू लागले तेव्हा ब्रिटिशांनी त्यांना छावणीबाहेर काढले. त्यांच्यासाठी नकाशावर एकही खूण नाही. तोफेपासून तटापर्यंतचे अंतर मोजले गेले, कारण ते कोणाला तरी हवे होते. काय मोजायचे हे माणूस ठरवतो, आणि जे मोजले जात नाही ते नकाशावर दिसत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे लहानपणीच शिकलेले बरे.

हाच कॉर्नवॉलिस १७८६ साली गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७९२ साली त्याने टिपूच्या श्रीरंगपट्टणला वेढा घातला. या वेळी तो तटाच्या बाहेर होता आणि हरिपंत फडक्यांची मराठी फौज त्याच्या बाजूने होती. या मोहिमेचे इंग्रजी नकाशे पाहाल, तेव्हा आपल्या फौजेची जागा शोधण्याआधी एक गोष्ट विचारा : मोजणी करणारा कोणत्या छावणीत बसला होता?

शिक्षकांना माझी विनंती आहे. बाउमनचा नकाशा वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि त्याची प्रत आज संगणकावर कोणालाही पाहता येते. ती छापून वर्गात लावा. बाण मोजायला सांगू नका. चार प्रश्न फळ्यावर लिहा : हे कोणी मोजले? केव्हा? कशाने? आणि काय मोजायचे सोडून दिले? उत्तरे शोधताना मुले भांडतील. भांडू द्या, त्या तासाला विज्ञान आणि इतिहास दोन्ही शिकवून होतील.